सत्तावीस नंबरचा उतार

मी मामांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिंत चाटत होते.

वल्लमच्या रस्त्यावरचं नवं घर होतं. दिवाणखान्यात विकणारे नवरा-बायको, घेणारे नवरा-बायको आणि एक दलाल असे पाचजण हात बांधून उभे होते, आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात पांढरंशुभ्र धोतर नेसलेले पासष्टीचे गृहस्थ डोळे मिटून, भिंतीला जीभ लावून वाकले होते. मी दारातच थांबले. मी नोकरी मागायला आले होते आणि ज्यांच्याकडे मागायची ते हेच, हे मला कळून चुकलं. थोड्या वेळाने ते सरळ झाले, रुमालाने जीभ पुसली आणि जाहीर केलं, "सांबार."

घरमालकिणीने घाईघाईने सांगितलं, की आज सांबार नाही, रसम केलंय.

वाळूत किंवा पाण्यात मीठ असलं की भिंतीला वर्ष-दोन वर्षांत खपल्या सुटतात. ते तपासायला प्रयोगशाळा आहेत, पण मामांचं म्हणणं, प्रयोगशाळेत बाटली न्यावी लागते, जीभ आपली बरोबरच असते. त्यांच्या तीन पायऱ्या होत्या: वरण, सांबार आणि लोणचं. वरण म्हणजे भिंत चांगली. लोणचं म्हणजे पळा. पुढची सहा वर्षं मी त्यांचे रिपोर्ट टाइप केले आणि 'सांबार'च्या जागी 'क्षारांचे प्रमाण मध्यम' असं लिहीत आले.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. तमिळ लोक त्यांना रायर म्हणत, पण तंजावुरात आमच्या मराठी लोकांतल्या निम्म्या पुरुषांना रायरच म्हणतात, तेव्हा त्यावरून कोणाला काही कळायचं नाही. मी त्यांना मामा म्हणे. सरकारी नोकरीतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा धंदा काढला: लोक घर विकत घेण्याआधी ते तपासून द्यायचं. आमच्या गावाला हे नवीन होतं. आमच्याकडे घर घेताना लोक जोशाला विचारतात, वास्तुवाल्याला विचारतात, दुबईतल्या मेव्हण्याला फोन करून विचारतात. भिंतीला कोणी विचारत नाही. मामा विचारायचे.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. नवऱ्याच्या बदलीपायी सहा वर्षं पुण्यात होते, तिथेच देवनागरी नीट लिहायला शिकले. आमच्या घरांत मराठी फक्त बोलण्यापुरती, लिहायचं म्हटलं की तमिळ. परत आल्यावर मामांकडे लागले. वाटणी साधी होती. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून जमिनीवरचं सगळं त्यांचं, आणि गच्ची, पाण्याची टाकी, शिडी, पारव्यांची घरटी हे सगळं माझं. मामांची हत्यारं एका पिवळ्या कापडी पिशवीत मावत. एक पितळी चंबू, एक गोटी, एक टॉर्च आणि पंचा. न्हाणीघरात गेले की चंबूभर पाणी जमिनीवर ओतायचे आणि ते कुठे जातं हे बघत उभे राहायचे. दलाल सांगत असायचा, की उतार अगदी मोरीकडेच दिलाय, मिस्त्री मदुराईचा होता. मामा त्याच्याकडे न बघता म्हणायचे, "पाण्याला कमिशन नाहीं."

पंचा झोपायला. जेवण झालं की घेणारा ज्या खोलीत झोपणार त्या खोलीत, जमिनीवर पंचा अंथरून ते वीस मिनिटं झोपायचे. हा तपासणीचाच भाग होता. शेजारचा पंप किती वाजता सुरू होतो, वरच्या मजल्यावर कोण खुर्ची ओढतं, हे उभ्या माणसाला ऐकू येत नाही असं त्यांचं मत. विकणाऱ्यांचं सगळं कुटुंब चवड्यांवर चालायचं. एका घरात दलालही शेजारी आडवा झाला आणि मामांच्या आधी घोरायला लागला. मामांनी तेही लिहायला लावलं: 'शयनगृहात दुपारी घोरण्याचा आवाज. स्रोत तात्पुरता.'

विकणारे लोक ओल लपवायला कॅलेंडर लावतात. देवाचं कॅलेंडर कोण हलवणार, असा हिशोब असतो. मामा आधी कॅलेंडरला हात जोडायचे, "स्वामी, एक निमिष," म्हणायचे आणि मग ते उचलायचे. एकदा मुरुगनच्या खाली पिळ्ळैयार, म्हणजे गणपती, निघाले, पिळ्ळैयारच्या खाली लक्ष्मी, लक्ष्मीच्या खाली एका खतवाल्याची जाहिरात, आणि त्याच्याखाली ताटाएवढी ओल. घरात किती वर्षं पाणी झिरपतंय ते कॅलेंडरांवरच छापलेलं होतं. मामांनी सगळे देव पुन्हा त्याच क्रमाने टांगले. खतवाल्यालाही.

घेणारे शेवटी एकच प्रश्न विचारायचे. त्यासाठीच त्यांनी बोलावलेलं असायचं. "घेऊं कां नको?"

मामांनी त्याचं उत्तर कधी दिलं नाही. ते म्हणायचे, "घरांत दोष एकशे त्रेचाळीस आहेत. तुमच्यांत किती ते मी मोजले नाहींत. दोन्हीं जमतंय कां बघा."

आता नळाची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एका घरात स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. मामा घड्याळ धरून मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजत होते आणि मी लिहून घेत होते. मोजून झालं. निघता निघता मी सहज नळ पिळला तर तो बंद झाला. बिघडलेला नव्हताच, कोणीतरी अर्धवट सोडला होता.

"काय केलंस मा?" मामा म्हणाले. मला ते तमिळ पद्धतीने मा म्हणत, बाळ म्हणावं तसं.

"नळ बंद केला."

"आतां रिपोर्ट खोटा झाला कीं."

मी म्हटलं, की मग ती ओळ काढून टाकू. ते ऐकेनात. त्यांनी मला तो नळ पुन्हा पहिल्यासारखा सोडायला लावला. पुन्हा थेंब मोजले. दोन कमी भरले, म्हणून पुन्हा थोडा सोडायला लावला. आकडा जुळल्यावरच आम्ही बाहेर पडलो. बाहेर येऊन चपला घालताना ते म्हणाले, "आपण बघायचं, लिहायचं. हात लावायचा नाहीं. हात लावला कीं तें आपलं घर होतं. मग झोप येत नाहीं."

त्यांचं स्वतःचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत होतं. तिथेही हाच नियम. भिंतीवर जागोजाग खडूने आकडे लिहिलेले: फुटलेली फरशी अकरा, न लागणारी खिडकी चौतीस, गळकी पन्हळ साठ. एकही दुरुस्त केलेला नाही. मामी मला म्हणाल्या होत्या, "लिहिलं कीं झालं असं वाटतं त्यांना. मला अजून नंबर दिला नाहीं, तेवढं बरं."

असा हा माणूस. त्यांच्यामुळे माझ्या सासूबाईंचं आमच्या घरी राहायला येणं राहून जाणार होतं, आणि त्या याव्यात यापलीकडे मला तेव्हा दुसरं काहीच नको होतं.

सासूबाई तिरुवैयारूला एकट्या राहत. शहात्तर वर्षांच्या. त्या वर्षात दोनदा पडल्या. पहिल्यांदा न्हाणीघरात, आणि दुसऱ्यांदा, पहिल्यांदा कशा पडल्या ते शेजारणीला दाखवताना. दुसऱ्या वेळी मनगट मोडलं. मी रोज ऑफिसला जाण्याआधी बसने तिरुवैयारूला जाऊन त्यांची वेणी घालून यायची. आमच्याकडे चला म्हटलं की त्या भाड्याच्या घराला नावं ठेवत: जिना उंच, पाणी जड, समोरच्या कुत्र्याची बघण्याची पद्धत बरी नाही. म्हणून आम्ही गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत तळमजल्याचं घर बघितलं. जिना नाही, कुत्रा नाही. मला त्या बाईंची फार माया होती. त्या एकट्या पडून राहिल्या आहेत आणि कोणाला पत्ताच नाही, असं स्वप्न मला पडायचं.

घर अर्थात मामांनीच तपासलं. चाटलं (वरण), झोपून बघितलं, आणि चौदा पानांचा, त्रेपन्न दोषांचा रिपोर्ट झाला. बाकीच्यांच्या मानाने हे फारच चांगलं घर होतं. आम्ही ते घेतलं.

पण मामांची आणखी एक पद्धत होती. रिपोर्ट नुसता हातात द्यायचा नाही, घरच्या सगळ्या माणसांना बसवून वाचून दाखवायचा. उभ्याने, पंचा खांद्यावर टाकून, पुराण सांगतात तसा. कॉफी आधी किंवा नंतर, मध्ये नाही. आम्ही सासूबाईंनाही आणलं, कारण घर त्यांच्यासाठीच होतं. एकोणीस नंबरपासून त्यांना डुलक्या लागल्या होत्या. मामा वाचत होते, "सत्तावीस. स्वयंपाकघर. ग्रॅनाइटचा ओटा. आठ फुटांत अर्धा इंच उतार, पश्चिमेकडे."

सासूबाईंनी डोळे उघडले. "कुठल्या बाजूला म्हणालां?"

"पश्चिमेला."

"म्हणजे पाल काच्चुला दूध पश्चिमेला उतेल?"

आमच्याकडे नव्या घरात राहायला जायचं तर आधी पाल काच्चु करतात. नव्या घरात पहिल्यांदा शेगडी पेटवून दूध तापवायचं आणि मुद्दाम उतू जाऊ द्यायचं. पूर्वेला उतलं की घर लाभतं. पश्चिमेला उतलं तर काय होतं हे कोणी नीट सांगत नाही, त्यामुळे भीती जास्त. मी मामांकडे डोळे वटारून बघितलं.

"पातेलं काठोकाठ भरलं तर, होय," मामा म्हणाले आणि अठ्ठावीस वाचायला लागले.

खरं तर तो उतार शहाणपणाचा होता. सिंक पश्चिमेला आहे, पाणी तिकडे जावं म्हणून मिस्त्रीने दिलेला. मामांनी कंसात तसं लिहिलंही होतं. पण कंस कोण ऐकतो? सासूबाईंनी तिथेच सांगून टाकलं, "दूध पूर्वेला गेलं तर मी येतें. नाहीं तर तिरुवैयारूला माझं काय वाईट चाललंय?" हे त्या प्लास्टरमधला हात वर करून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मामांच्या मोपेडवर मागे बसून मी भांडले. "मामा, सत्तावीस बदला."

"किती करूं?"

"शून्य."

त्यांनी भर बाजारात मोपेड थांबवली. मागून बसवाला हॉर्न वाजवत होता. "ओटा मी बांधला नाहीं मा. मी वाचला."

"मग मोठ्याने वाचायचा नव्हता."

"सव्वीसनंतर अठ्ठावीस वाचूं? तुझ्या सासूला मोजतां येतं."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग मी आणि नवऱ्याने मिळून सरळ लबाडी करायचं ठरवलं. शेगडीच्या पश्चिमेकडच्या पायांखाली शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा सारायचा, संपलं. मोठं पाप नव्हतं. पण सासूबाईंनी तीन इंजिनियर मुलं वाढवली होती. पाल काच्चुच्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर त्या शेगडीसमोर स्टुलावर बसलेल्या, हातात काठी.

"अडुप्पुला कोणी हात लावायचा नाहीं," शेगडीकडे काठी करून त्या म्हणाल्या. "घर आहे तसं दिसूं दे. ह्या घरांत अस्के इंजिनियर आहेत, एकूण एक." नवरा फडकं घेऊन ओटा पुसायच्या निमित्ताने गेला, त्याच्या बोटांवर काठी बसली. पुठ्ठा सदऱ्यातून खाली पडला. त्यांनी तो काठीने बाजूला सारला. पाहुणे यायला लागले होते आणि पातेल्यात दूध काठोकाठ भरून तयार होतं.

तेवढ्यात मामा आले. पिवळी पिशवी, चंबू, सगळं घेऊन. त्यांना मी बोलावलंही नव्हतं.

"शेवटची तपासणी," ते म्हणाले.

सासूबाईंनी काठी बाजूला घेतली. "रायरांना येऊं दे. ते खोटं करणार नाहींत."

मामांनी रेग्युलेटर बघितला, गॅसच्या नळीवरची तारीख मोठ्याने वाचली. मग चंबूतलं पाणी ओट्यावर ओतलं. पाणी सगळ्यांच्या देखत सरळ पश्चिमेला सिंकमध्ये गेलं. पाहुण्यांत कुजबुज झाली. आमच्या घराच्या दलालाने मोबाइल उंच धरून व्हिडिओ घेतला. त्या क्षणी मला मामांचा इतका राग आला, की तो चंबू त्यांच्याच डोक्यात घालावा असं वाटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सगळं करून ही बाई आजच्या बसने परत जाणार, परत एकटी न्हाणीघरात चालणार, आणि हा माणूस नळाचे थेंब मोजल्यासारखा उभा.

"आतां ओटा पुसतों, मागची नळी बघतों. सरका," मामा म्हणाले, आणि पिशवी घेऊन शेगडीमागे वाकले. त्यांच्या पाठीमुळे काहीच दिसेना.

"अय्यो, दिवा विझतोय बघा," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही सगळे देवाच्या कोपऱ्याकडे वळलो. दिवा छान जळत होता. परत वळलो तोवर मामा सरळ झाले होते आणि पंच्याने हात पुसत होते. "झालं. पेटवा."

मी पेटवलं. दूध तापेपर्यंत स्वयंपाकघरात वीस माणसं श्वास रोखून एका पातेल्याकडे बघत होती. नवरा काहीतरी पुटपुटत होता. तो देवाचं नाव घेत नव्हता, आठ फुटांना अर्धा इंच तर दोन फुटांना किती, हे करत होता. फेस वर आला, काठावर थांबला, थरथरला, आणि पूर्वेकडून भळाभळा खाली आला.

बायकांनी तोंडाने कुलवै घातली, शुभकार्यात जीभ हलवून करतात तो उलुलु आवाज. सासूबाई स्टुलावरून उठल्या आणि मुलाला म्हणाल्या, "माझी पेटी आणायला कोणाला तरी पाठव." मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्या म्हणाल्या, वेणी विस्कटेल.

मामा पंगतीला बसले. तीनदा पोंगल घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वरण." त्यात मीठ कमी होतं.

नंतर मी त्यांना विचारलं, की मामा, पाणी पश्चिमेला गेलं आणि दूध पूर्वेला, हे कसं?

"दूध जाड असतं मा," ते म्हणाले.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली बाई. पण गरज असली की माणसाला काहीही पटतं. मी तीन वर्षं ते धरून चालले.

पुढे मामांचे गुडघे अगदीच थकले आणि ते मामींना घेऊन कोइमतूरला मुलाकडे गेले, नवव्या मजल्यावर. आता धंदा मी बघते. मी चाटत नाही, पण चंबू माझ्याकडेच आहे. मामांचा अधूनमधून फोन येतो. पहिल्याच फोनवर म्हणाले, "भिंत बघितली मा. काहीं चवच नाहीं. कसे दिवस काढायचे इथं?"

मागच्या भोगीला, म्हणजे पोंगलच्या आदल्या दिवशी, घर झाडून-पुसून जुनं बाहेर काढतात तेव्हा, सासूबाईंचं मनगट दुखत होतं. एरवी ओटा त्याच पुसत, मला हातसुद्धा लावू देत नसत. मला वाटे, सासूपणाची हौस. त्या दिवशी मी शेगडी उचलली. पश्चिमेकडच्या दोन पायांखाली दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली एक लांब, चपटी पट्टी होती.

आत आमच्या घराचा रिपोर्ट होता. मामांची स्वतःची प्रत, सगळी चौदा पानं, उभ्या दोन घड्या घातलेली. त्रेपन्न दोषांवर माझं दूध उतलं होतं. सत्तावीस नंबरपुढे पेन्सिलने मामांच्या अक्षरात तमिळमध्ये लिहिलेलं होतं: 'तपासणाऱ्याने हात लावला. रिपोर्ट खोटा झाला.' खाली सही.

मी ते हातात धरून ओट्यापाशी उभी होते. त्या माणसाला त्या रात्री झोप आली असेल का, एवढंच मनात येत होतं.

"वाचून झालं कां?" मागून सासूबाईंचा आवाज आला.

"झालं, अम्मा."

"मग घाल परत. नवी पिशवी त्या डब्यांत आहे, दर पोंगलला बदलतें मी. दोनच घड्या घाल. तिसरी घातलीस कीं अडुप्पु डुगडुगतो. मी घालून बघितलीय."